उंबऱ्याशी अडलेले पाऊल

आमच्या व्यवसायात बैठक ठरलेली असते. रुग्ण खुर्चीवर आणि उपचार करणारा खाली सतरंजीवर, त्याच्या पायाशी. भौतिकोपचार हे या विद्येचे ग्रांथिक नाव. शहापूर-मुरबाडच्या लोकांनी मात्र मला कधी ‘मालिशवाले’, कधी ‘व्यायामवाले डॉक्टर’ म्हटले, आणि अलीकडे, का ते पुढे येईलच, ‘पट्टेवाले भटजी’ म्हटले. तिन्ही नावे मी आनंदाने स्वीकारली आहेत.

वडील पुराणिक होते. मुरबाड तालुक्यातल्या एका लहान गावी त्यांच्याजवळ आणि नंतर पाठशाळेत माझे बालपण संस्कृताच्या संथेत गेले. पहाटे अंथरुणातून भुईवर पाय टेकण्यापूर्वी तिची क्षमा मागायची, ही तिथली पहिली शिकवण. पावलाचा भारही कुणीतरी सोसत असते, एवढे त्यातून मनावर ठसले. पुढे योगायोगाने भौतिकोपचाराचे शिक्षण घडले आणि लोकांची पावले हातात घेणे हेच जीवितकार्य झाले. पाठशाळेतील एका गुरुजींनी तेव्हा विचारले होते, “अरे, वेदमूर्ती व्हायचे सोडून लोकांचे पाय चेपणार?” वडील म्हणाले, “पाद्यपूजा समजा.” त्या एका वाक्याचे ऋण मी आजवर वाहतो आहे.

निवृत्तीनंतर शहापूरच्या एका सेवाभावी केंद्रात मी आठवड्यातून काही दिवस जाऊ लागलो. तिथे एक नवे साधन आले होते. त्याला ‘संवेदक’ असा शुद्ध शब्द आहे, पण केंद्रात सर्व जण ‘सेन्सर’च म्हणतात. काडेपेटीहून लहान, वजनाला सुपारीसारखी अशी एक डबी. ती पट्ट्याने घोट्याच्या वर बांधायची. दोन पायांना दोन, कमरेला एक. पाय किती वेगाने हलला, कोणत्या दिशेने वळला, किती उंच उचलला गेला आणि केव्हा टेकला, हे ती डबी अहोरात्र टिपते. नंतर संगणकाला जोडली की पडद्यावर रेषा उमटते. निरोगी माणसाच्या चालीची रेषा समुद्राच्या शांत लाटांसारखी दिसते: उंचवटा, उतार, पुन्हा उंचवटा. लंगडणाऱ्याच्या रेषेत एक लाट मोठी, एक लहान. अंथरुणाला खिळलेल्याची रेषा सपाट.

आरंभी मला या डबीविषयी आदर नव्हता. ज्याच्या बोटांना स्नायूंची भाषा कळते त्याला डबीचे काय, असा किंचित अभिमानही होता. तो अभिमान मुरबाडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उतरवला. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. केंद्रात ते काठीशिवाय अशी ऐटबाज चाल दाखवत की मी मनोमन त्यांना उत्तीर्ण करून टाकले होते. नियमाप्रमाणे पट्टे बांधून त्यांना घरी पाठवले. परत आलेली रेषा पाहतो तो पहाटेपासून रात्रीपर्यंत माळरानासारखी सपाट! गुरुजी घरी पलंगावरून उतरतच नव्हते. पडण्याची भीती. मी ती रेषा त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली आणि म्हणाले, “आयुष्यभर मुलांना सांगत आलो, परीक्षेपुरता अभ्यास करू नका. मीच नेमका परीक्षेपुरता चालत होतो.”

त्या दिवशी मला उमगले की रुग्णाला दोन चाली असतात, एक वैद्यासमोरची आणि दुसरी घरातली. पहिलीशी माझा दीर्घ परिचय होता. दुसरी पाहण्याचे भाग्य या डबीमुळे उतारवयात लाभले, म्हणून तिच्याविषयी मी कृतज्ञ झालो. पण ही कृतज्ञता पूर्ण अर्थाने शिकवली ती चांगुणाबाईंनी.

शेणवे गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. चांगुणाबाई तिथल्या धवलेरी. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगतो: या भागातल्या अनेक वाड्यांत लग्न लावण्यासाठी भटजी बोलावत नाहीत. एक जाणती स्त्री धवळे गाते. त्या गाण्यांतून एकेका देवाला मंडपात बोलावले जाते, तांदळाच्या पिठाने रेखलेल्या चौकावर बसवले जाते, आणि मग त्यांच्या साक्षीने लग्न लागते. ती स्त्री म्हणजे धवलेरी. पंचक्रोशीतली कित्येक लग्ने चांगुणाबाईंच्या कंठावर लागली होती.

त्यांना प्रथम पाहिले तेव्हा त्यांचा मुलगा काळू त्यांना जीपमधून घेऊन आला होता. सोबत सून सुगंधा. ठाण्याच्या तज्ज्ञांनी कंपवाताचे निदान करून गोळ्या चालू केल्या होत्या. हाताचा कंप त्यांनी पुष्कळ आवरला होता. तरीही एक विचित्र त्रास उरला होता. सुगंधाने तो सांगितला, आणि सांगताना तिचा स्वर रुग्णाच्या नातेवाइकापेक्षा फिर्यादीचा अधिक होता.

“डाक्टर, माळावर सोडा, शेताच्या बांधावर सोडा, चालतंय नीट. पण दारात आली का उभी! उंबऱ्यात खांब रोवल्यावानी. मी हंडा घेऊन मागं उभी, ही पुढं. हलतच नाय.”

“मी काय हौसेनं उभी ऱ्हाते?” चांगुणाबाई म्हणाल्या.

“मंग माळावर कशी चालतेस गो आई?”

“माळावर उंबरा नाय म्हणून!”

“आयकलात? उंबऱ्याचाच राग हाय हिला. मी बाहेर निघाली का मुद्दाम आडवी येते.”

काळू मान खाली घालून बसला होता. त्याने हळूच सांगितले की झाडफूक करणाऱ्या भगताकडेही ते जाऊन आले. भगताने उंबऱ्यात काहीतरी आडवे असल्याचे सांगितले, कोंबडा घेतला, पण आईचे पाय काही सुटले नाहीत.

मी पट्टे बांधायला खाली बसलो. घोट्याला हात लावताच चांगुणाबाईंनी पाय झटकन मागे ओढला.

“नको नको! म्हातारा माणूस तू, त्यात शेंडीचा भटजी. माझ्या पायाला हात लावतोस? मला पाप लागंल.”

“बाई, हे माझे कामच आहे.”

“तुझं काम तुझ्यापाशी. माझं पाप मी कुटं ठेवू?”

शेवटी तडजोड झाली. मी पट्टा बांधायचा, आणि बांधून होताच त्यांनी बसल्या जागी हात जोडून माझ्या पाया पडल्याचे म्हणायचे. त्यानंतर दर भेटीत हा विधी चुकला नाही. पाय मात्र प्रत्येक वेळी आधी मागे जाई आणि मग नाइलाजाने पुढे येई.

त्या दिवशी मला अजून कुणी न सांगितलेली एक गोष्ट उरली होती, आणि ती चांगुणाबाईंनी जाताना दाराशी सांगितली. अर्थात त्या तिथेही अडल्या होत्या, म्हणून सवड मिळाली. “वैशाखात नातीचं लगीन हाय,” त्या म्हणाल्या. “आमच्यात धवलेरी पयली घराभायर निघते, नवरी तिच्या मागनं. मी उंबऱ्यात अडले तर नवरी मागं अडंल. लगनाच्या नवरीचा पाय दारात अडला तर लोक काय म्हणतील? नि दुसरी धवलेरी आणली तर मी जिती कशाला?”

कंपवातात पाय असे खिळतात हे मला ग्रंथांतून ठाऊक होते. अरुंद जागा, दार, वळण आले की पावलाला निघण्याची आज्ञा पोहोचत नाही. रुग्ण म्हणतात, पाय भुईला चिकटतात. परंतु हे सुगंधाला कसे पटवावे? मी व केंद्रातली अभियंता केतकी, असे दोघे एके दिवशी वाडीवर गेलो. पट्टे बांधले आणि चांगुणाबाईंना घरातून अंगणात यायला सांगितले. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. वरून पाहणाऱ्याला वाटावे, एक हट्टी म्हातारी चौकट धरून स्वस्थ उभी आहे.

मग मी सुगंधाला म्हटले, “आता पट्टे तुम्ही बांधा. उंबऱ्यात या आणि मुद्दाम थांबा. सासूबाईंना अडवायचे आहे असे समजून थांबा.”

“ते मला चांगलं जमंल,” ती म्हणाली आणि पदर खोचून दारात उभी राहिली. चांगुणाबाई आतून ओरडल्या, “बघा, हिची खरी सवय आज दिसली!”

केतकीने दोन्ही रेषा पडद्यावर एकाखाली एक मांडल्या. सुगंधाची रेषा दारात येऊन सरळ झाली होती, जात्याच्या खालच्या दगडासारखी स्थिर. चांगुणाबाईंच्या रेषेत मात्र दारापाशी एक दाट, बारीक, वेगवान थरथर होती, फणीच्या दातांसारखी. जो पाय बाहेरून निश्चल दिसत होता तो आत अखंड धडपडत होता. निघायचे आहे, निघता येत नाही, पुन्हा निघायचे आहे.

सुगंधाने पडद्यावरच्या त्या फणीवर बोट ठेवले. मग तिने विचारले, “ही आईची?”

“हो.”

“एवढी थरथर? नि आमाला वाटायचं...” तिने चुलीवर चहाचे आधण ठेवले आणि पहिला पेला सासूच्या हातात नेऊन दिला. चांगुणाबाईंनी घोट घेतला. “साखर कमी हाय,” त्या म्हणाल्या. घरात शांतता प्रस्थापित झाल्याची ती खूण होती.

आता प्रश्न उपायाचा. पट्टे काही दिवस घरीच ठेवले. परत आल्यावर केतकीने त्या रेषा लावल्या तेव्हा आम्ही दोघेही चकित झालो. दिवसभर जिथे तिथे ती फणी होती, पण एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, सलग, समान, सुरेख लाटा! मध्ये पाऊल किंचित उंच उचलल्याच्या खुणाही होत्या, उंबरा ओलांडताना उचलतो तशा. आणि फणी कुठेच नाही. मला शंका आली. सुगंधाला विचारले, “त्या संध्याकाळी पट्टा दुसऱ्या कोणी बांधला होता का?”

“आमी काय चोर हाव? तो आईच्याच पायात व्हता. त्या सांजेला शेजारी हळद व्हती. आईनं धवळं म्हणलं.”

“चालताना?”

“मंग काय! आत देवाकडं, भायर मांडवात, परत आत. धवळं बसून म्हणत नायत.”

आत आणि बाहेर म्हणजे दार. तो उंबरा त्यांनी गात गात ओलांडला होता, एकदा नव्हे, अनेकदा, आणि गाणाऱ्या त्या स्त्रीला स्वतःला त्याचे भानही नव्हते. ठेक्याच्या आधाराने खिळलेले पाऊल सुटते हे आमच्या विद्येत ठाऊक आहे. पण चांगुणाबाईंना तो आधार त्यांच्याच कंठात दिलेला होता. उपाय सापडला या आनंदात मी त्यांना म्हणालो, “बाई, आता रोज उंबऱ्याशी येऊन धवळा म्हणा. पाय आपोआप सुटतील.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही अभद्र बोललो होतो.

“नवरी कुटं हाय?”

“नवरी?”

“मंडप कुटं हाय? चौक कुटं हाय? धवळ्यात मी देवाला हाक मारते. देव येतील, भटजी. मंग त्यांना बसवू कुटं? माझा पाय सुटावा म्हणून देवाला दारात उभं करू?”

केतकीने सुचवले की गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवू. चांगुणाबाई म्हणाल्या, “ही मशीन देवाला हाक मारणार, नि देव हिच्याकडं येणार? मंग माझं काय काम!”

केतकी निराश झाली. मी मात्र झालो नाही. विनियोगावाचून, म्हणजे नेमल्या कार्यावाचून मंत्र उच्चारू नये, अनध्यायात, म्हणजे वर्ज्य तिथीला अध्ययन करू नये, आवाहन केलेल्या देवतेला आधी आसन द्यावे, या मर्यादा मला लहानपणी दंडासह शिकवल्या गेल्या होत्या. डोंगराच्या वाडीत, निराळ्या भाषेत, तीच मर्यादा माझ्यासमोर उभी होती. तिच्यापुढे मी मनोमन नतमस्तक झालो. चांगुणाबाईंना मी पुन्हा धवळ्याची गळ घातली नाही.

मग इतर ठेक्यांचा शोध सुरू झाला, आणि त्यात आमची जी फजिती झाली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रथम मोबाइलवर टिकटिक लावली. पहिल्याच टिकटिकीला चांगुणाबाई, ज्या थोड्या तरी चालत होत्या, जागच्या जागी थांबल्या.

“काय झाले?”

“पाल चुकचुकली. आता पाऊल टाकू नये.”

किती समजावले तरी ती पालच राहिली. टिकटिक रद्द झाली. मग मी माझ्या विद्येचा आश्रय घेतला. संथ लयीत एक स्तोत्र म्हणू लागलो, म्हटले, याच्या तालावर पावले टाका. चांगुणाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले आणि अगदी निश्चल उभ्या राहिल्या. स्तोत्र संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“चालला नाहीत आपण?”

“देवाचं चालू असताना चालायचं असतं व्हय? तुला भटजी कुणी केला?”

सुगंधा ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. ती हसून हसून बेजार झाली. मग हसू आवरून तिने पुन्हा सूप हातात घेतले. फट्, फट्, फट्. चांगुणाबाई उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या होत्या. मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो, ते माझ्या जन्माचेच काम. त्या आवाजासरशी उजवा अंगठा हलला. पुढच्या आवाजाला टाच उचलली. सूप थांबले तशी टाच टेकली.

“सुगंधाबाई, थांबू नका! पाखडत राहा.”

“तांदूळ संपलं.”

“रिकामे पाखडा.”

“रिकामं सूप पाखडतात व्हय? अपशकून!” सासू आणि सून एकदमच म्हणाल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचे प्रथमच एकमत झाले असावे. मग तेच तांदूळ पुन्हा सुपात आले. तांदूळ स्वच्छ असतानाही पाखडायला हरकत नव्हती, एवढी सवलत शास्त्रात सापडली.

सुपाचा ठेका सुगंधाच्या स्वभावाप्रमाणे घाईचा होता. त्यावर चांगुणाबाईंची पावले तुटक पडत. इथे डबी उपयोगी आली. हळदीच्या त्या संध्याकाळची रेषा आमच्याजवळ होती, म्हणजे गात असताना दोन पावलांत किती अवकाश असतो ते ठाऊक होते. केतकी तो अवकाश हाताने दाखवी आणि सुगंधा सूप त्या गतीला आणी. धवळा म्हणायचा नव्हता. पण त्याची चाल आम्ही सुपात उतरवून घेतली, असे म्हटले तर चालेल. देवाला हाक गेली नाही आणि पायाला मात्र ती ऐकू गेली.

“आता मला सूप पाखडायला पण शिकवा,” सुगंधा कुरकुरली. “मी मुरबाडकडची. तिकडं आमी असंच पाखडतो.”

“मुरबाडकडचं सगळंच घाईचं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “धवळं पण. हिनं एकदा म्हणून दावलं, तर मला वाटलं गाडी सुटतेय.”

“शिकवलंस कधी?”

“तुझ्या घशात कावळा हाय. कावळ्याला काय शिकवायचं?”

मला वाटले, हा नेहमीचाच वाग्विलास. पण सुगंधा सुपाकडे पाहत राहिली. तिच्या मनाला ते लागले होते हे मला पुढे कळले.

पावले हळूहळू सुधारली. फणी विरळ झाली. सुपाच्या आवाजावर चांगुणाबाई उंबरा ओलांडू लागल्या. कधी सफल, कधी नाही, पण सफल अधिक. आजार गेला असा याचा अर्थ नाही, तो जात नसतो. गोळीचा अंमल उतरला की पाय पुन्हा जड होत. तरी लग्नापुरते तेवढे पुष्कळ होते.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मी वाडीवर पोहोचलो. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मंडप, मध्ये तांदळाच्या पिठाचा चौक. केतकीची इच्छा होती की त्या दिवशीही पट्टे बांधावेत, कारण असा प्रसंग पुन्हा टिपायला मिळणार नाही. चांगुणाबाईंनीही पाय पुढे करून विचारले, “बांधतोस?” त्यांच्या पायांना हळद लावलेली होती. मी म्हटले, “आज नको.” यंत्राचा अनादर म्हणून नव्हे. हळदीच्या पायांवर पट्टा आवळायला हात धजला नाही, एवढेच.

मुहूर्त आला. आतून चांगुणाबाई निघाल्या. मागे हिरव्या चुड्यातली नात, मुंडावळ्या बांधलेली. आणि मी जे विसरलो होतो ते तेव्हा ध्यानात आले. सूप! लग्नघरातले सूप त्या दिवशी पाखडण्यासाठी नसते. त्यात तांदूळ, हळद, नारळ आणि पेटता दिवा घेऊन नवरीच्या आईने मंडपात उभे राहायचे असते. सुगंधा दोन्ही हातांत ते सूप धरून चौकापाशी उभी होती. एवढे दिवस आम्ही ज्या आवाजावर विसंबलो तो आवाज आज निघणे शक्य नव्हते. आणि धवळा सुरू होणार तो धवलेरी मंडपात पोहोचल्यावर.

चांगुणाबाई उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या.

मंडपातले बोलणे मंदावले. कुणीतरी पुटपुटले, “अडली बघ.” नवरदेवाकडची एक म्हातारी शेजारणीच्या कानाशी लागली. काळू आईला उचलून आणायला पुढे झाला. चांगुणाबाईंनी त्याला केवळ नजरेने थांबवले. “हात लावू नको रे.” त्यांचे पाय वरून निश्चल होते. त्या निश्चलतेत काय चालले आहे हे त्या मंडपात फार थोड्यांना ठाऊक होते. त्यांतला एक मी होतो आणि मला काहीही करता येत नव्हते. टाळी वाजवावी तर तो कुणाचा अधिकार? मी देवाला हाक मारली, पण मनात.

आणि सुगंधाने धवळा सुरू केला.

दिव्याचे सूप हातांत तसेच धरून, मान ताठ ठेवून, ती गाऊ लागली. आवाज खरखरीत होता, पहिल्या शब्दाला थोडा फाटलाही. पण चाल घाईची नव्हती. ती शेणव्याकडची, चांगुणाबाईंची चाल होती, तोच अवकाश, तोच ठेका, जो आम्ही महिनाभर तिच्याकडून सुपात घोटून घेतला होता. शब्द तर तिने संसारभर स्वयंपाकघरातून ऐकून ठेवले असणार. धवलेरीच्या आधी कुणी धवळा उचलू नये हा नियम तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. म्हणूनच तिची नजर सासूच्या चेहऱ्यावर होती.

चांगुणाबाईंचा चेहरा प्रथम कठोर झाला. मंडप होता, चौक होता, नवरी मागे उभी होती. देवांना बसायला जागा होती. फक्त हाक मारणारा कंठ दुसरा होता. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग उजवी टाच उचलली गेली. पाऊल उंच उठले, उंबऱ्याला न शिवता पलीकडे टेकले. त्यामागे डावे. त्यामागे नवरीचे. दुसरी ओळ संपेपर्यंत चांगुणाबाई मंडपाच्या मध्यावर होत्या, आणि तिसऱ्या ओळीला त्यांनी आपला आवाज सुनेच्या आवाजात मिसळला. मग तो धवळा दोघींनी मिळून म्हटला. त्यापुढचेही.

लग्न लागले. अक्षता पडल्या. गर्दी थोडी विरळ झाल्यावर मी ऐकले, चांगुणाबाई सुनेला म्हणत होत्या, “दुसऱ्या ओळीत देव चुकलीस.”

“कुटला?”

“डोंगरावरचा आधी, मंग पाण्यातला. तू पाण्यातला आधी बोलावलास.”

“मंग आता?”

“आता काय, दोगं पण आलं. माघारी थोडंच धाडायचं?” जरा थांबून त्या म्हणाल्या, “उद्यापास्नं सांजचं बस माझ्यापाशी. सांगते वळीनं.”

“नि कावळा?”

“कावळा पण देवाचाच हाय.”

त्या पावलांची रेषा कुठेही उमटलेली नाही. केतकीला त्याची खंत वाटते, आणि तिच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मलाही एक खंत आहे, पण ती निराळी: अशी दारात खिळलेली कितीतरी माणसे, हट्टी, ढोंगी, झपाटलेली ठरून, डबी येण्यापूर्वीच निघून गेली असतील. त्यांच्या पायांतली फणी कुणाला दिसली नाही. चांगुणाबाईंच्या पायांतली दिसली, ही त्या लहानशा यंत्राची आणि ते घडवणाऱ्या अनोळखी हातांची कृपा.

तिथल्या रीतीप्रमाणे लग्न लागल्यावर लोक एकेक करून धवलेरीच्या पाया पडत होते. त्या चौकाजवळ पाटावर बसल्या होत्या. मीही रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा नेहमीप्रमाणे गुडघे टेकून खाली बसलो. हातात पट्टा नव्हता, घोटा तपासायचा नव्हता. दोन्ही हातांनी हळदीची ती पावले धरली आणि त्यांवर मस्तक ठेवले.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा हात, अजून जरासा कापणारा, माझ्या डोक्यावर टेकला.

“उठा आता, भटजी,” त्या म्हणाल्या, “कंबर धरंल.”